बारशाआधीची पाटी

पलूसला आमच्या दुकानाच्या पाटीवर माझ्या थोरल्या भावाचं नाव होतं. हा भाऊ मी पाहिलेला नाही. तो नऊ दिवस जगला आणि गेला. मी त्यानंतर तीन वर्षांनी जन्मले. पण लाल अक्षरात त्याचं नाव आणि खाली 'मोटार रिवायंडिंग' असं तिथं होतं ते होतंच. ते नाव मी इथं लिहिणार नाही. घरात ते कुणी उच्चारत नाही, मग कागदावर तरी मी का आणू?

वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, विहिरीवरच्या आणि बोअरच्या जळालेल्या मोटारी भरायचे. आतली काळी पडलेली तार तोडून काढायची, तिचे वेढे मोजायचे आणि तांब्याची नवी तार तेवढ्याच वेढ्यांनी बसवायची, याला आमच्याकडं मोटार भरणं म्हणतात. दहावीच्या सुट्टीत मी सहज म्हणून त्यात हात घातला आणि तो काही परत निघाला नाही. आता आबांच्या डोळ्यांना बारीक तार दिसत नाही, म्हणून गेली काही वर्षं सगळ्या मोटारी मीच भरते. माझ्या हातची मोटार सहसा परत येत नाही. ही फुशारकी आहे, आणि ती मी मारणार.

पण गिऱ्हाईक यायचं ते पाटी वाचून. उसाला पाण्याची पाळी आलेली, मोटार नेमकी तेव्हाच जळालेली, माणूस आधीच वैतागलेला. पाटीवरचं नाव घेऊन तो मला विचारायचा, हे कुठं गेलेत? मी म्हणायची, नाहीत. कवा येतील? येणार नाहीत. मग तो माझ्याकडं बघायचा, मोटारीकडं बघायचा आणि म्हणायचा, बरं, ते आले की आणतो. काही जण तर मोटार जीपमधून उतरवायचेच नाहीत. जो कधी येणार नव्हता त्याची वाट बघत माणसं माझ्या दारात उभी राहायची. लय राग यायचा. एका तान्ह्या पोराचा राग करतेय म्हणून स्वतःचाही यायचा.

मग रस्ता रुंद झाला, दुकानाचं तोंड गेलं आणि थोडं पुढं आम्ही नवा गाळा घेतला. नवा गाळा म्हणजे नवी पाटी, नवा विजेचा अर्ज, फोनच्या नकाशावर नवी नोंद. नाव काय द्यायचं, यावर ज्याला त्याला सल्ला द्यायचा होता. मामा म्हणाले, देवाचं दे. त्याच रस्त्याला देवांच्या नावाची मोटारीची तीन दुकानं आधीच होती, आणि एकाची मोटार दुसऱ्याकडं जाऊन पडायची. कुणी म्हणालं, भारदस्त इंग्रजी काहीतरी ठेव. लग्न होऊन गेलीस तर पाटीचं काय, असं एकानं विचारलं, त्याला मी म्हटलं, संगं घेऊन जाईन. सैन्यातून सुट्टीवर आलेला चुलतभाऊ तेवढा कामाचं बोलला. त्याचं म्हणणं, नाव आखूड पाहिजे, गोंगाटात एकदा ओरडलं तरी समोरच्याला कळलं पाहिजे. मला ते पटलं. विहिरीच्या काठावरून शेजाऱ्याला फोनवर ओरडून सांगता येईल असं नाव. आणि मोटारीला ज्याचा हात लागणार त्याचं नाव, म्हणजे दारात आलेला माणूस दुसऱ्याच कुणाला शोधणार नाही. माझं नाव दोन अक्षरी आहे. हिशेब सरळ होता.

आबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "न्हाई." जुनंच राहू दे म्हणाले का, तर तेही नाही. देवाचं लाव, गावाचं लाव, काहीही लाव, पण तुझं नको. मी आठ दिवस मागं लागले. शेवटी जेवताना माझा तोल गेला.

"नऊ दिवसांच्या पोराचं नाव तुमी एवढी वर्सं डोक्यावर लावलं. मी रोज तिथं हात काळे करते, माझं लावायला तुमाला लाज वाटती व्हय?"

आबा अर्धं ताट सोडून उठले. आईनं नुसतं ताट उचललं. ती बोलली असती तर बरं झालं असतं. त्या पोराचा उल्लेख मी तिच्यासमोर असा कधी केला नव्हता. मला स्वतःचीच किळस आली, पण माघार घ्यायला जीभ वळेना. लहानपणापासून मनात होतं ते खरं ठरलं असंच वाटत होतं, की मी कितीही केलं तरी या घरात मुलगा म्हणजे तोच.

दोन दिवसांनी जुन्या दुकानातलं सामान हलवत होतो. दुपारची वेळ, दोघंच. तारेची रिळं खोक्यात भरता भरता आबा आपणहून बोलायला लागले. माझ्याकडं न बघता.

पोरगा झाला तेव्हा दुकान नवंकोरं होतं. भटजींनी अक्षर सांगितलं आणि आबांनी नाव ठरवून टाकलं. शेजारच्या दुकानाची पाटी रंगवायला पेंटर आलाच होता, त्यालाच सांगितलं, आमचीही कर. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्याला हे कळलं तशी ती धावत दुकानात आली आणि म्हणाली, बारशाआधी नाव उघडं करू नको रं, नजर लागंल. आबा हसले. आठव्या दिवशी त्यांनी पाटी लावली आणि अख्ख्या रस्त्याला पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सांगलीच्या दवाखान्यात पोर गेलं. डॉक्टरांनी तेव्हाच समजावून सांगितलं होतं, दिवस भरायच्या आधी झालेलं, फुप्फुसं कच्ची होती, वाचणं अवघडच होतं.

"डाक्टर बोलला ते खरं हाय," आबा म्हणाले. "मला कळतं. पर पाटी मी लावली."

मी विचारलं, मग काढली का नाही?

"तुला वाटतं आठवण म्हणून ठिवली. आठवणीला पाटी कशाला लागती? रोज दुकान उघडताना वर बघायचं आणि आपुन काय केलं ते वाचायचं, म्हणून ठिवली." मग हातातलं रीळ खोक्यात ठेवून म्हणाले, "तुझं नाव वर लावायचं मला भ्या वाटतं गं."

मी लाज म्हणाले होते ती भीती होती, आणि ती माझ्यासाठीच होती. मी तिथंच खोक्यावर बसून रडले. आबा रिळं भरत राहिले.

डोळे पुसल्यावर मी म्हटलं, "आबा, माझं बारसं झालंय. आत्यानंच कानात नाव सांगितलंय."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "व्हय," म्हणाले. "झालंय खरं."

नवी पाटी त्यांनी स्वतः लावली. स्क्रू दुसऱ्या कुणाला पिळू दिले नाहीत. जुनी पाटी कुठं ठेवली ते मी विचारलं नाही. आता दारात आलेला माणूस पाटीवरचं नाव घेऊन विचारतो, या कुठंयत? मी म्हणते, मीच. मग मोटार खाली उतरते.

आणि ही पाटी लागल्यापासून रोज सकाळी शटर वर केलं की थोड्या वेळात घरून आबांचा फोन येतो. मोटारी किती आल्या, कुणाच्या आल्या, काही विचारत नाहीत. ताप न्हाई न्हवं, पोटात काय घातलंस का, एवढंच. दुसऱ्या कुणी रोज असं विचारलं असतं तर मी तोंड सोडलं असतं. आबांना मी म्हणते, "मी हाय, आबा." ते "बरं" म्हणतात आणि फोन ठेवतात.