आईने भरवलेली शोकसभा

टीव्हीवरच्या त्या विनोदी मालिकेतली शेजारीण गेली, ही बातमी आमच्या घरात सकाळच्या चहासोबत आली आणि आईने कप खाली ठेवला. वडील गेले तेव्हा आल्यागेल्या सगळ्यांना चहा पाजणारी ही बाई. त्या दिवशी मात्र तिचा चहा ओट्यावर तसाच गार झाला.

त्या नटीचं खरं नाव आमच्या अमरावतीच्या कॉलनीत कोणी घेत नसे. ती 'वाटीवाली'. मालिकेत ती रोज रिकामी वाटी घेऊन कोणाच्या तरी दारात उभी राहायची, साखर मागायची, साखर मिळेपर्यंत त्या घरात भांडण लावून द्यायची आणि वाटी तिथेच विसरून निघून जायची. वर्षानुवर्षं एवढंच. यात हसण्यासारखं काय आहे ते मला कधी कळलं नाही. मी तसं बोलून दाखवलं की आई म्हणायची, "तुले हसाचं वावडंच हाय."

तिच्या हसण्याला जोडीदार होती माझी मावशी, आईची धाकटी बहीण. ती अकोल्याला. मालिका सुरू व्हायच्या आधी आई तिला फोन लावायची आणि स्पीकर चालू करून फोन टीव्हीशेजारी ठेवायची. अकोल्याचं केबल आमच्यापेक्षा जरासं मागे चालायचं, म्हणून आधी आई हसायची आणि मग फोनमधून मावशी. मधल्या वेळात आईला धीर धरवायचा नाही. ती पुढचं वाक्य सांगून टाकायची आणि तिकडून मावशी ओरडायची, "सांगू नोको वं बाई! मायं अजून आलं नाई!" या आरडाओरड्यात मी कित्येक वर्षं पेपर तपासले आहेत.

मग मावशीच्या मुलाचं लग्न आलं. आमच्याकडे मुहूर्त पत्रिकेत असतो आणि नवरदेव वरातीत. वाट बघून कंटाळलेली आई "आत्ता येतो" म्हणाली आणि मंगल कार्यालयाशेजारच्या एका घरात शिरली. ओळख ना पाळख, त्या घरच्या बाईसोबत वाटीवाली बघत बसली. नेमका तेवढ्यात नवरदेव आला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या आणि नवरदेवाची सख्खी मोठी मावशी मांडवात नाही! परत आल्यावर आईने निदान तोंड पाडून उभं राहायचं की नाही? ती म्हणाली, "लगन तं साऱ्याइचं सारखंच लागते. आजचा भाग लय भारी होता."

मावशीने भर मांडवात सांगितलं, "तं मंग जाय तिच्याच घरी. तेच तुयी बहीण. आता तू मेली तरी तुया दारात पाय ठेवनार नाई मी."

तेव्हापासून फोन बंद. दोघींना समजावून मी आणि माझा तो मावसभाऊ थकलो. आई मालिका बघतच राहिली, पण विनोद झाला की ती हसायची आणि मग जरा थांबायची. अकोल्याच्या हसण्याची वाट बघायची. ते थांबणं बघून मला दोघींचा राग यायचा, की म्हाताऱ्या झालात, आता तरी शहाण्या व्हा.

म्हणून वाटीवाली गेली त्या दिवशी आईचं लक्ष बातम्यांपेक्षा फोनकडे जास्त होतं. "ते करन फोन," ती मला म्हणाली. "आज तरी करनच." अख्ख्या कॉलनीचे फोन आले. पार मोर्शीच्या विहीणबाईंचा आला. अकोल्याचा आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने फोनच बंद करून कपाटात टाकला आणि जाहीर केलं, "दुखवटा हाय." दुखवटा कसला, फोन वाजत नाही हे तिला बघायचं नव्हतं.

तोवर आईच्या महिला मंडळाने त्याच दुपारी आमच्या अंगणात शोकसभा ठरवली होती. आई मंडळाची अध्यक्ष. शोकसभा म्हटली की आमच्याकडे चौकात फ्लेक्स लागतोच, आणि फ्लेक्स लागला की त्यावर गेलेल्या माणसाखाली 'शोकाकुल' म्हणून राहिलेल्यांचेही फोटो लागतात. वर वाटीवाली, मध्ये मोठ्या अक्षरात 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली मंडळाच्या बायका, आणि अध्यक्ष म्हणून आईचा फोटो सगळ्यांत मोठा. दुःखात असूनही तिने फोटो चांगला हसरा निवडून दिला होता.

फ्लेक्स कडुनिंबाखाली बांधला. मंडळाच्या सचिवबाईंनी त्याचा फोटो काढून स्टेटसला टाकला, तेव्हा वरची वाटीवाली फांदीआड गेली होती. उरलं काय, तर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि तिच्याखाली माझी हसरी आई. तो फोटो हातोहात अकोल्याला पोचायला कितीसा वेळ लागणार?

मी त्या वेळी कॉलेजात परीक्षेच्या ड्युटीवर होते, फोन स्टाफरूमच्या कपाटात. ड्युटी संपवून घराच्या फाटकाशी आले, फोन सुरू केला, तर मावसभावाचे मिस कॉलच मिस कॉल. आईचा फोन घरच्या कपाटात आणि माझा स्टाफरूमच्या, मग तो बिचारा काय समजणार? मी त्याला फोन लावतेय तोच माझ्या मागे त्याची गाडी थांबली.

आता आमच्या अंगणात तेव्हा काय होतं? मांडव होता. भाड्याच्या खुर्च्या होत्या. फिकट साड्या नेसलेल्या बायका होत्या. हार घातलेला एक फोटो होता, पाठमोरा.

मावशी गाडीतून उतरली आणि तिने फाटकातूनच हंबरडा फोडला. "काहून गेली वं बाई! मायाशी न बोलता काहून गेली वं!"

मी तिला धरायला धावले, पण त्या आधी आतून आई धावली. आपली बहीण वाटीवालीसाठी रडत आली, असाच तिचा समज झाला. तिने मावशीला मिठी मारली आणि तीही रडायला लागली. "गेली वं माय! आपल्याले हसवनारी गेली!"

दोघी गळ्यात गळा घालून रडत होत्या. मावशी आईसाठी आणि आई वाटीवालीसाठी. आपण ज्या बाईसाठी रडतोय तिच्याच खांद्यावर रडतोय, हे मावशीच्या लक्षात यायला बराच वेळ लागला. मग तिने मान वर करून आईकडे बघितलं. तिच्या तोंडावरून हात फिरवला. आणि आईच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"जित्ती हायेस?"

"मंग? मले काय झालं?"

मावशी मांडवातच मटकन बसली आणि रडता रडता हसायला लागली. सगळा उलगडा झाल्यावर सगळं अंगण हसलं. मीसुद्धा हसले, आणि माझे डोळेही वाहत होते, ते लपवायचं कारण नाही.

मग आईची नजर मावशीच्या काखेतल्या पिशवीकडे गेली. "हे काय आनलं?"

मावशी पिशवी मागे लपवायला लागली. बाई गेली की तिच्या अंगावरची शेवटची साडी माहेरची लागते, आणि आईच्या माहेरचं आता एकटी मावशीच उरली होती. आईने पिशवी ओढून घेतली. आत जांभळी साडी निघाली, रुंद काठाची.

मावसभाऊ घाम पुसत माझ्या कानाशी म्हणाला, "ताई, काय सांगू तुले. मूर्तिजापूरले गाडी थांबवाले लावली. मी म्हनलं, कोनतीही घे, उशीर होऊन राहिला. तं रडून राहिली अन् एकेक साडी बाजूले करून राहिली. म्हने, फिकी नोको, माया बहिनीले फिकी चालत नाई."

आईने हे ऐकलं. ती साडी घेऊन आत गेली आणि नेसूनच बाहेर आली.

बायकांनी कालवा केला. अपशकुन काय, अभद्र काय! मीही चिडले. आई म्हणाली, "मेल्यावर नेसली असती तं मले दिसली असती का? आत्ताच पाहू द्या."

त्या साडीत तिने शोकसभा चालवली. फुलांऐवजी प्रत्येकीने वाटीवालीच्या फोटोपुढे एकेक वाटी साखर ठेवली. आईने भाषण केलं, ते असं, "या बाईनं आमाले भांडवलं, अन् आज भेटवलं बी." मग टीव्ही बाहेर आणून एक जुना भाग लावला. विनोद झाला, आणि पहिल्यांदाच दोघी एकदम हसल्या. त्या सगळ्या साखरेचा संध्याकाळी शिरा केला आणि वाट्या कोणी परत नेल्या नाहीत.

रात्री निघताना मावशीने आईच्या पदराचं टोक हातात धरलं.

"आता मायाकडून दुसरी भेटनार नाई, सांगून ठेवतो. हे फाटेस्तोवर जगा लागते तुले."

आईने पदर सोडवून घेतला, नीट घडी करून खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "मंग जपून नेसतो."