खंडोबाच्या किड्याची नजर

आज विड्याचं पान खुडलं, तो ओला तिखट वास आला आणि मी मनाने थेट भुईगावच्या वाडीत पोचलो. पानवेलींत चपला घालून शिरायचं नाही, ही उंचापुऱ्या काकांची शिस्त. मी त्या दिवशी आत शिरलो तेव्हा ते जाऊन वर्ष झालं होतं.

"चपला काढल्यास ना रे? ह्यांना खपत नाही," काकू बाहेरून ओरडली.

"हो," मी खोटंच सांगितलं. समोर खंडोबाचा किडा, म्हणजे प्रार्थनाकीटक, हात जोडून बसला होता. घाईघाईने अगदी जवळून फोटो काढला.

त्याच्या डोळ्यातला काळा ठिपका नेहमी बघणाऱ्यावरच रोखलेला दिसतो, हे पुढे कळलं. माझ्या फोटोत तो माझ्या खांद्यावरून मागे, वर बघतोय.

अजूनही तो फोटो उघडण्याआधी मी चपला काढतो.