शिकवल्याशिवाय न सोडणारे घरमालक

धुळ्यात ज्याला ज्याला कॅमेरा धरता येतो, त्या प्रत्येकाला आमच्या घरमालकांनी एकदा तरी शिकवलेलं आहे; आणि ज्याला धरता येत नाही, त्याला दोनदा. एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं तेव्हा माझी जळगावहून धुळ्याला बदली झाली आणि देवपुरात त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या. भाडं, पाणी आणि रात्री फाटक कोण लावणार या विषयांवर आमचं बोलणं पाच मिनिटं झालं असेल. त्यानंतर दोन तास ते निगेटिव्हवर पेन्सिल कशी चालवावी यावर बोलत होते. मी नुसती खोली बघायला गेलो होतो. वळकटी सोडायच्या आधीच मला कपाळावरची आठी कशी घालवतात ते कळलेलं होतं.

त्यांना सगळे आबा म्हणत आणि त्यांच्या पत्नीला अक्का. घराच्या पुढच्या दालनात आबांचा फोटो स्टुडिओ होता. खिडकीशी एक उतरतं लाकडी मेज, त्याच्या मधोमध चौकोनी भोक, खाली आरसा. आरशावरचा उजेड भोकातून वर येई, भोकावर निगेटिव्ह ठेवलेली असे आणि तिच्यावर आबा वाकलेले असत. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं, केस पांढरे आणि दात काळे. चेहऱ्यावरचा डाग तिथे पांढरा ठिपका होऊन बसतो. तो ठिपका टोकदार पेन्सिलीने अगदी हलके भरला की छापलेल्या फोटोत डाग नाहीसा होतो. याला म्हणायचं रिटचिंग. पण निगेटिव्ह गुळगुळीत, तिच्यावर पेन्सिल उमटत नाही, म्हणून आधी एक औषध चोळावं लागतं. हे औषध कसं बनवायचं ते त्या काळचा फोटोग्राफर सख्ख्या भावालाही सांगत नसे. आबा ते भाजीवाल्यालाही सांगत.

यामागे कारण होतं. तरुणपणी आबा भुसावळला एका फोटोग्राफरकडे शिकायला राहिले होते. तो गृहस्थ औषध मिसळायची वेळ आली की आबांना विडी आणायला पिटाळी. दोन वर्षं आबांनी विड्या आणल्या. शेवटी त्याच्या टाकलेल्या चिंध्यांचा वास घेऊन घेऊन टर्पेंटाइन आणि राळ हे त्यांनी स्वतःच ओळखलं. "जळगावकर," ते मला सांगत, "विद्येसाठी माणसानं चिंध्या हुंगाव्या, हे काय बरोबर शे?" तेव्हापासून विचारेल त्याला सांगायचं असं त्यांनी ठरवलं. पुढे पुढे न विचारणाऱ्यालाही सांगू लागले.

पेन्सिलीचं तर त्यांना वेडच होतं. सकाळी अंघोळ झाली की ते काचकागद घेऊन बसत आणि पेन्सिलीचं शिसं बोटभर उघडं काढून असं घासत की त्याची सुई व्हावी. बोथट पेन्सिल दिसली की त्यांना राहवत नसे. गल्लीतल्या मुलांच्या पेन्सिली ते आपण होऊन टोकदार करून देत. त्या वह्यांतून आरपार जात, आणि एकदा शाळेतून गुरुजी चौकशीला आले. आबांनी गुरुजींच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि तिलाही टोक करून दिलं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने त्यांना पाहिलं की आपली पेन्सिल गल्ल्यात टाकावी, इतकी त्यांची दहशत होती.

दुसरी खोड म्हणजे समोरचा माणूस त्यांना माणूस म्हणून दिसतच नसे. चेहरा दिसला की किती काम आहे याचा हिशेब सुरू. आमचे साहेब एकदा माझ्याकडे चहाला आले. आबा ओट्यावरून त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले आणि साहेब पायऱ्या उतरत असतानाच मला म्हणाले, "कपाळ तीन मिनिटांचं. डोळ्यांखाली मात्र अर्धा तास पाहिजे." पुढचे आठ दिवस साहेब कचेरीत रुमालाने डोळ्यांखालचा भाग चोळत होते.

या मोकळेपणापायी अडचणीही होत. एका मारवाडी व्यापाऱ्याच्या मुलीचा स्थळांना दाखवायचा फोटो आबांनी काढला होता. गालावर देवीचे थोडे व्रण होते, ते त्यांनी असे नाहीसे केले की मुलीची आईसुद्धा हरखली. पुढे मुलाकडची मंडळी चाळीसगावहून आली आणि सहज चौकशी करावी म्हणून स्टुडिओत शिरली. फोटो छान आला आहे, एवढंच मंडळी म्हणाली. झालं. आबांनी आनंदाने आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी मांडले आणि कुठल्या व्रणाला किती वेळ लागला ते बोट ठेवून समजावून सांगितलं. शेटजींना हे कळलं तेव्हा ते धावत आले आणि हात जोडून म्हणाले, "आबा, फोटो तुम्ही काढा. बोलायचं काम आमच्याकडे राहू द्या." नशिबाने मुलगा समजूतदार निघाला. त्याला व्रणांसकटच मुलगी पसंत पडली, आणि लग्नाचे फोटोही आबांनीच काढले. नवऱ्यामुलाला त्यांनी मांडवातच थोडं रिटचिंग शिकवलं म्हणतात.

त्यांनी शिकवलेल्यांतल्या तिघांनी धुळ्यातच स्टुडिओ थाटले, त्यातला एक तर समोरच्याच ओळीत. पांझरा नदीपलीकडचा एक जुना फोटोग्राफर यावर चिडून आबांना समजवायला आला. हे असं गुपित वाटत सुटलात तर आपण सगळे उपाशी मरू, असं त्याचं म्हणणं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या फोटोंत हनुवटीखाली काळं येतं. औषध जाड होतं का तुमचं?" तासाभराने तो गृहस्थ औषधाची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेला आणि भांडण राहूनच गेलं. सुटीच्या दिवशी मीही त्यांच्या मेजाशी बसून शिकत होतो, आणि गुरुदक्षिणा म्हणून जळगावला गेलो की मेहरूणची बोरं आणत असे. ती खाता खाता आबा बोरावरच्या सुरकुत्या दाखवून मला धडा देत.

याच सुमारास आबांचे डोळे जात चालले होते. अक्कांना ते ठाऊक होतं, मला नव्हतं. "ऊन फार शे आज," असं म्हणून ते निगेटिव्ह माझ्याकडे सरकवत. मला वाटे, माझा हात बसला म्हणून देतात. मी फुशारून जाई. काम झालं की ते निगेटिव्ह खिडकीशी धरून मान तिरकी करत आणि म्हणत, "झकास." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता आणि हा माणूस उजेडाकडे बघून मला शाबासकी देत होता. पेन्सिल हातातून गेली तर आपलं काय उरेल, ही धास्ती त्यांनी बायकोखेरीज कुणाला कळू दिली नव्हती.

ती उघड झाली एका म्हातारीमुळे. साक्रीकडच्या एका खेड्यातले दोघे भाऊ आपल्या आईचा फोटो काढवून गेले होते, आणि छापलेला फोटो न्यायला येण्याआधीच महिन्याभरात आई गेली. तेराव्याला ठेवायला मोठा फोटो हवा म्हणून ते पुन्हा आले. निगेटिव्ह मी रिटच केलेली होती, ऐटीत मोठा फोटो छापून त्यांच्या हाती दिला. दोघे बराच वेळ बघत राहिले. मग थोरला हळूच म्हणाला, "आबा, हाई आमनी माय नई शे. कपायवरनं गोंदन कथं गयं?"

गोंदणाचे ठिपके काय आणि डागाचे काय, निगेटिव्हमध्ये दोन्ही पांढरेच. दिसेल तो ठिपका भरायचा, एवढं मला येत होतं. कपाळावरचे पाच आणि हनुवटीवरचे तीन, सगळे मी निगुतीने भरले होते. वर सुरकुत्याही घालवल्या होत्या. सत्तर वर्षांच्या बाईचं मी एक गुळगुळीत, कुणाचंच नसलेलं तोंड करून ठेवलं होतं. आईचा दुसरा फोटो त्यांच्याकडे नव्हता.

मी काही बोलणार तेवढ्यात आबा म्हणाले, "चूक माझी. मी बघून दिली होती." ते आत गेले, टर्पेंटाइनमध्ये कापूस बुडवला आणि निगेटिव्ह मेजावर ठेवली. औषधाचा थर पुसला की पेन्सिलही निघते, खालचा चेहरा जसाच्या तसा राहतो. पण त्यांचा हात निगेटिव्हवर नुसता थांबून राहिला. मग त्यांनी कापूस माझ्या हातात दिला. "तू पूस," ते म्हणाले. "मला ठिपके दिसत नाहीत." त्या दोघा परक्या माणसांसमोर त्यांनी हे सांगितलं. अक्का आतल्या दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

मी सगळं पुसलं. नवा कागद डेव्हलपरच्या पाण्यात धरला तेव्हा आबांनी धाकट्या भावाला काळोख्या खोलीत बोलावून घेतलं आणि चित्र कसं वर येतं ते त्याला समजावून सांगितलं. तशा प्रसंगातही त्यांना राहवलं नाही. लाल उजेडात आधी गोंदण आलं, मग सुरकुत्या आल्या, आणि तो धाकटा रडू लागला. आबा त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

त्यानंतर मी हट्टच धरला. जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ऑपरेशन झालं, आबा मेहरूणला आमच्या घरी राहिले. पहिला आठवडा अक्का होत्या, मग स्टुडिओ उघडायला त्या परतल्या. डोळ्यांवर पट्टी असताना आबांनी माझ्या आईला आणि दोन शेजारणींना औषधाची कृती सांगून टाकली. दीड महिन्याने जाड भिंगांचा चष्मा आला. डॉक्टर म्हणाले, माणसं दिसतील, वाचताही येईल, सुईच्या टोकाचं काम मात्र सोडा. आबांनी मान हलवली. एस.टी.त धुळ्यापर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि शेजारी बसलेला उतारू काही न शिकता सुखरूप उतरला. मला डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा या गप्प बसण्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

स्टुडिओत शिरल्या शिरल्या समोर अक्कांचा फोटो होता. तो मी काढलेला आणि मीच रिटच केलेला, माझं सगळ्यात चांगलं काम. आबांनी चष्मा सारखा केला आणि तो फोटो नीट बघितला. तेवढ्यात अक्का पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे, पुन्हा त्यांच्याकडे. मग अगदी जवळ गेले आणि निगेटिव्ह बघताना करत तशी मान तिरकी केली.

"ही कधी आली?" अक्कांच्या ओठांच्या कडेची रेघ दाखवून त्यांनी विचारलं.

"झाली तीन वर्षं," अक्का म्हणाल्या. "आणि ही, ही पण. तुम्हाला दिसत नव्हतं तेच बरं होतं. आता सांगा या जळगावकरांना, काढतील पेन्सिलीनं."

"नको," आबा म्हणाले. "तीन वर्षांचं बघायचं राहिलंय. बस इथं."

अक्का तांब्या हातात घेऊनच खुर्चीवर बसल्या, जिथे गिऱ्हाईक बसतं तिथे, उजेडाकडे तोंड करून. इतक्या लोकांचे चेहरे त्या माणसाने इतक्या जवळून पाहिले, पण असं बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. थोड्या वेळाने एक गिऱ्हाईक आलं. त्याला म्हटलं, संध्याकाळी या, आबा आत्ता कामात आहेत.