तिघांची वाट

नवरी गाडीतून उतरत नव्हती आणि मी घंटेचा दोर धरून दारात उभा. नवरीचा पाय पायरीला लागला की घंटा सुरू करायची, हे माझं काम. आत नवरा ताटकळलेला. दुपारी दुसरं लग्न होतं.

माझा बाप नगरकडचा, रेल्वेच्या नोकरीने चेन्नईत पेरंबूरला आला. मी चौथी शिकलो आणि इथल्या ख्रिस्ती देवळात कोयिलपिळ्ळै झालो. झाडायचं, मेणबत्त्या लावायच्या, घंटा द्यायची. या तमिळ शब्दाचा अर्थ देवळाचा पोरगा. साठी उलटली तरी पोरगाच.

पास्टर घाम पुसत आले. "तात्ता, बघा जरा. तुमचं ऐकतात." इथे मला सगळे तात्ता म्हणतात, म्हणजे आजोबा.

गाडीत स्टेला, पांढऱ्या साडीत, रडून डोळे लाल. एका दाराशी बाप जेबराज, दुसऱ्या दाराशी आई सेल्वी. दोघं कित्येक वर्षं वेगळी राहतात. मंडळीत बहुतेकांना पत्ता नव्हता. आमच्या देवळात पुरुष डावीकडे बसतात, बायका उजवीकडे. कोणाचं घर मोडलंय ते बाकावरून कळत नाही. आम्ही दर रविवारी कुटुंबांसाठी प्रार्थना करायचो आणि हे दोघं दोन बाजूंनी आमेन म्हणायचे.

"बाप हात धरून आत नेतो," जेबराज म्हणाला. "रीत आहे."

"हिच्या टायफॉइडमध्ये उशाशी मी बसले," सेल्वी म्हणाली. "आता शेवटच्या चार पावलांना हा मालक! हा नेणार असेल तर मी घरी चालले."

"मग दोघं ठरवा," स्टेला आतून म्हणाली. "एकाला टाकून मी आत जाणार नाही. लग्न राहिलं तर राहू दे."

पास्टर वैतागले. "हे घरीच ठरवायचं ना!"

"घर असतं तर ठरलं असतं, पास्टर," मी म्हणालो.

मला गोड बोलता येत नाही. म्हणालो, "जेबराज, सेल्वी, आमची ही, मार्था, तिसऱ्या बाकावर बसायची, खांबाजवळ. गेल्या पावसाळ्यात गेली. तो बाक मी अजून दोनदा पुसतो. तुमचं माणूस जिवंत आहे म्हणून तुम्हाला भांडायला तरी मिळतंय."

सेल्वी म्हणाली, "मार्थाक्का देवमाणूस होती, तात्ता. हा नाही."

"देवमाणूस कसली! आठवड्यातून चार दिवस माझ्याशी अबोला असायचा."

गाडीत स्टेला नाक ओढत हसली.

"तिघं जा की," मी म्हणालो. "मधे पोरगी, दोन बाजूंना तुम्ही."

"तिघं मावत नाहीत," पास्टर म्हणाले. खरं होतं. मधली वाट आधीच अरुंद, त्यात प्रत्येक बाकाच्या टोकाला डेकोरेशनवाल्याने फुलांचे स्टँड बांधलेले. दोन माणसं जेमतेम जातात.

मी आत गेलो आणि सुतळ्या सोडायला लागलो. डेकोरेशनवाला धावत आला. "ओ तात्ता! व्हिडिओत काय दिसणार?"

"माणसं दिसतील. उचल तिकडून."

सगळे स्टँड भिंतीला लावले. देऊळ बोडकं दिसायला लागलं. बाहेर येऊन म्हणालो, "आता मावतं."

जेबराज सेल्वीकडे बघेना. सेल्वी त्याच्याकडे बघेना. पण स्टेला उतरली आणि तिने दोघांचे हात धरले. मी धावत दोर गाठला.

तिघं गेली. जेबराजचा पाय एकदा गालिच्यात अडकला. तेव्हा सेल्वी म्हणाली, "नीट चाला." तेवढंच बोलणं झालं. ताली बांधली गेली. तमिळ ख्रिस्ती लग्नात मंगळसूत्र असतं, त्यावर क्रूस.

तुम्हाला वाटेल, दोघं एकत्र आली. नाही आली. पुढच्या रविवारी जेबराज डावीकडे, सेल्वी उजवीकडे. स्टेला आता नवऱ्याच्या देवळात जाते, अंबत्तूरला.

देवळात लग्न लागतं. संसार ज्याचा त्याने घरी करायचा, तो इथे दुरुस्त करून मिळत नाही. वाट तेवढी रुंद करता येते, तीही कोणी स्टँड हलवले तर.

त्या रविवारी घंटा देऊन मी नेहमीसारखा मागे उभा राहिलो. मार्था असताना याच वेळी वळून बघायची आणि स्वतःच्या गळ्याला बोट लावायची. म्हणजे, बटण उघडं आहे, लावा. तिसऱ्या बाकावरून कोणी वळलं नाही. मी गळ्याशी हात नेला. बटण उघडंच होतं.