उकिरड्यातली अळी वेगळी, हळदीतली वेगळी

हळदीची मुळं खाणारी हुमणी अळी म्हणे माझ्या उकिरड्यातून आली! वसमतच्या औषध दुकानदारानं फोनवर फोटो बघून सांगितलं आणि आमच्या भाऊजींनी लगेच खरं मानलं. त्यांच्या अन् माझ्या, दोन्ही शेतांत शेणखत माझ्या उकिरड्याचं, म्हणून हळद पिवळी पडली तर दोष माझा…

रविवारी हळदीत आणि उकिरड्यातपण औषध ओतणार म्हणतात. अहो साहेब, माझ्या कोंबड्या दिवसभर तिथंच उकरत असतात. त्या मेल्या म्हणजे?

मी दुसरीपर्यंतच शिकले, पण डोळे आहेत मला. परवा उकिरड्यातल्या चार अळ्या आणि हळदीच्या मुळातल्या चार अळ्या परातीत टाकल्या. दिसायला सारख्याच, पांढऱ्या, लठ्ठ. पण उकिरड्यातली उताणी झाली आणि पाठीवरच सरपटत निघाली! हळदीतली आपली पायावर.

मग दोन डब्यांत वेगळ्या ठेवल्या… दोन्हींत थोडं शेणखत अन् एकेक हळदीचं रोप. आज बघितलं तर उकिरड्यातल्या अळीनं मुळाला तोंड लावलं न्हाई, शेणखतच खाऊन राहिली. दुसऱ्या डब्यात मुळं साफ खाल्लेली.

भाऊजींना नेऊन दाखवलं. ते म्हणाले, "वैनी, दुकानदार शिकलेला माणूस हाय. दोन्हीकडं टाकू."

माझी जाऊ तिथंच उभी होती. ती म्हणाली, "हुमणीचे भुंगे उकिरड्यावर बसले होते का लिंबावर, ते सांगा की आधी."

हा टोमणा मलाच होता.

मिरगाचा पाऊस पडला की दिवेलागणीला बांधावरच्या कडुलिंबावर भुंगे पाला खायला येतात आणि अंडी खाली शेतात घालतात, त्यातनंच हुमणी होते. आमी दरसाल फांद्या हलवून भुंगे पाडतो, रॉकेलच्या पाण्यात टाकतो. यंदा भाऊजी काठी घेऊन आले तर मीच त्यांना परत पाठवलं. पाला झडंल, माझ्या शेळ्यांला काय घालू, म्हणून भांडले.

ते आज त्यांच्या तोंडावर कबूल केलं. पण तेवढ्यानं हळद हिरवी होत न्हाई. रोज सकाळी एक रोप उपटून बघते…

कृषी सहायक साहेब, तीनदा फोटो पाठवले. तुमचा अंगठा आला, तुमी आले न्हाई. हळदीच्या मुळाशी काय टाकू, किती टाकू, आणि उकिरडा सोडायचा का न्हाई, एवढं लिहून द्या. तुमचं लिहिलेलं भाऊजी ऐकतील, माझं ऐकणार न्हाईत.

शनिवार संध्याकाळपर्यंत पाहिजे. रविवारी सकाळी ते पंप भरणार आहेत.