घरचा नॉर्मल

लॅबमध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं की तिथे रक्त तपासणाऱ्या साहेबांचं आडनावच ओळंबे आहे. तसं काही नव्हतं. भिंत सरळ चढतेय का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा ते पांढऱ्या कोटाच्या खिशात बाळगत. त्यावरून कुणीतरी चेष्टेत ओळंबेसाहेब म्हणालं आणि ते नाव असं चिकटलं, की त्यांना येणारी पत्रंसुद्धा त्याच नावाने येऊ लागली. त्यांनीही कधी दुरुस्ती केली नाही. चुकीची गोष्ट दुरुस्त न करता सोडून दिल्याचं त्यांच्या आयुष्यातलं हे एकच उदाहरण.

रक्त तपासणाऱ्या माणसाला ओळंबा कशाला हवा, तर ईएसआरसाठी. ही तपासणी दिसायला अगदी भोळी. रक्त गोठू नये म्हणून त्यात औषध घालायचं, वीतभर उंचीच्या बारीक काचेच्या नळीत ते भरायचं, नळी स्टँडला उभी करायची आणि तासभर तिला हात लावायचा नाही. तासाने वरचा पिवळट भाग किती मिलिमीटर मोकळा झाला ते वाचायचं. शरीरात कुठे आग धुमसत असेल तर लाल पेशी एकमेकींना चिकटून भराभर तळाला जातात आणि आकडा वाढतो. पण गंमत अशी, की नळी जराशी तिरकी उभी राहिली तरीही पेशी भराभर तळाला जातात. मग धडधाकट माणूस कागदावर आजारी पडतो. हे होऊ नये म्हणून ओळंबेसाहेब रोज सकाळी स्टँडसमोर गुडघ्यावर बसून ओळंबा सोडत, एक डोळा मिटत आणि टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारत नाहीतर काढत.

खिडकीशी रिपोर्ट न्यायला आलेल्या पेशंटांना ते हौसेने समजावून सांगायचे. "हे बघा, ईएसआर काय, ती दुसरी सीआरपी तपासणी काय, हा नुसता धूर आहे. धूर दिसला म्हणजे कुठेतरी जळतंय. कुठे जळतंय ते डॉक्टर बघतील. पण धूर दिसल्यावर घरात पाय पसरून बसायचं नाही!" ऐकणारा घाबरून थेट डॉक्टरांकडे जाई. सांध्यांच्या डॉक्टरांकडे तर त्यांच्यामुळे कितीतरी माणसं वेळेवर पोचली होती.

आता कुठलंही मोजमाप बरोबर आहे की नाही हे ठरवायला एक खात्रीचा नमुना लागतो. मोठ्या लॅबमध्ये त्यासाठी सीलबंद बाटल्या असतात. या लॅबमध्येही होत्या, पण बाटलीवर भरवसा ठेवणं ओळंबेसाहेबांच्या स्वभावात नव्हतं. त्यांच्याकडे स्वतःचा नॉर्मल नमुना होता. त्यांची बायको.

सगळी लॅब तिला वहिनी म्हणे. वहिनी घरी रफूचं काम करायच्या. कोटाला पडलेलं भोक, साडीला लागलेला खोंबारा, कापडातलाच धागा काढून त्या असं विणून टाकायच्या की मालकालाही जागा सापडू नये. बारा वर्षं दर दोन महिन्यांनी, शिवाय नवी नळी, नवं औषध, नवं मशीन काही आलं की, ओळंबेसाहेब वहिनींच्या दंडाला पट्टा बांधायचे. "मूठ आवळ," म्हणायचे. शीर दिसली की सुई जाई. दुसऱ्या दिवशी आकडा यायचा बारा, चौदा, फार तर सोळा. सीआरपी नावालाच. ते वहीत लिहायचे, "मशीन ठीक."

"माझं रक्त कसं आहे हे कधी नाही सांगत," वहिनी म्हणायच्या.

"अगं, तुझं काय बघायचं? तुझ्यावरून तर बाकीच्यांचं बघतो."

हे बायकोचं कौतुक आहे असं त्यांना मनापासून वाटत असे.

मग एका खेपेला वहिनींचा ईएसआर चौतीस आला.

ओळंबेसाहेबांनी ओळंबा सोडला. टेबल केसभर कललेलं निघालं. म्हणजे निघालंच असावं, कारण त्यांना ते निघायला हवं होतं. त्यांनी पुठ्ठा सारला आणि वहीत लिहिलं, "टेबल तिरकं." पुढच्या खेपेला सेहेचाळीस. त्यांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाची बाटली फेकून नवी फोडली आणि लिहिलं, "औषध जुनं." त्याच्या पुढच्या खेपेला अठ्ठावन्न. नळ्यांचा अख्खा संच बदलला. इतरांचे आकडे मात्र नेहमीसारखेच येत होते, निरोग्यांचे कमी आणि आजाऱ्यांचे जास्त. यावर दुसऱ्या कुणी थांबून विचार केला असता. ओळंबेसाहेबांनी एवढाच विचार केला, की दोष मोठा लबाड दिसतो.

घरी जेवताना ते या दोषाची सविस्तर हकिकत सांगत. वहिनी ऐकत. एकदा ताटातला घास तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "माझ्या रक्तात तर काही नाही ना? हात जरा धरल्यासारखे वाटतात हल्ली. सकाळी बोटं उघडतच नाहीत लवकर."

"रक्त तुझं ठणठणीत आहे गं. टेबलच हलतंय."

वहिनींना हायसं वाटलं. एवढा जाणता माणूस घरात, तो म्हणतोय म्हणजे हे वयाचंच असणार. त्या सकाळी तासभर आधी उठू लागल्या आणि गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसू लागल्या. नवरा उठेपर्यंत बोटं कपाची दांडी धरण्याइतकी सुटत. गिऱ्हाइकांना त्या सांगत, "डोळ्यांना कमी दिसतंय." बारीक काम परत जाऊ लागलं. ओळंबेसाहेबांनी तत्परतेने त्यांच्या चष्म्याचा नंबर तपासून आणला.

याच सुमाराला लॅबमध्ये सीआरपीचं नवं मशीन आलं. ओळंबेसाहेबांनी त्याची परीक्षा घ्यायची म्हणून रिवाजाप्रमाणे घरचं रक्त घातलं. पाचाच्या आत यायला हवं, तिथे मशीनने बावीस सांगितलं. पुन्हा घातलं, साडेबावीस. त्यांनी त्याच दिवशी कंपनीला पत्र लिहिलं: "आपल्या यंत्राला निरोगी माणसाला आजारी ठरवण्याची खोड आहे. त्वरित इलाज व्हावा."

चार दिवसांनी कंपनीच्या इंजिनिअरबाई आल्या. पस्तिशीच्या, हातात अवजारांची पेटी, बोलायला खमक्या. त्यांनी मशीन उघडलं, पुसलं, बंद केलं आणि आपल्या सीलबंद बाटल्यांतलं द्रावण तीनदा घातलं. तिन्ही वेळा उत्तर दशांशापर्यंत जुळलं.

"काका, मशीन एकदम फर्स्टक्लास आहे."

"बाटलीचं मला सांगू नका. माझ्याकडे बारा वर्षांचा नॉर्मल आहे. त्याचं बावीस कसं येतं?"

"नॉर्मल म्हणजे? कुठल्या कंपनीचा?"

"कंपनीचा कशाला? माझी बायको."

इंजिनिअरबाईंनी मागे वळून लॅबमधल्या बाकीच्यांकडे पाहिलं. सगळे एकाएकी कामात गढून गेले.

"मग काका, मशीन नाही, नॉर्मल बदला."

"अहो, काय बोलता!"

"तसं नाही हो. काकूंना काही होतंय का?"

"तिला? तिला कधी काही होत नाही."

"विचारलंय?"

ओळंबेसाहेबांना राग आला. मशीन विकणाऱ्यांना माणसांतलं काय कळतं, असं ते मनात म्हणाले. या बाईला खोटं पाडायचंच म्हणून त्यांनी जाताना बॅगेत सुई, पट्टा आणि दोन ट्यूब टाकल्या. आज घरून ताजं रक्त आणायचं, सीलबंद न्यायचं आणि तिच्या देखत मशीनमध्ये घालायचं. बाई उद्या दुपारपर्यंत थांबणार होत्या.

वहिनी स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या होत्या.

"बस. हात दे."

"आता? आठवडा नाही झाला घेऊन."

"ती इंजिनिअर म्हणते, मशीन बरोबर आहे. तिला दाखवतो. मूठ आवळ."

त्यांनी कोपराच्या खळगीत बोट फिरवून शीर शोधली. सापडेना.

"मूठ आवळ म्हटलं ना."

"आवळलीय की."

"नीट आवळ."

"अहो, एवढीच आवळते ती."

आजवर काही लाख लोकांना त्यांनी मूठ आवळायला सांगितलं असेल. बघायचं असतं शिरेकडे. मुठीकडे बघायचं काम त्यांना कधी कुणी दिलंच नव्हतं. आज पहिल्यांदा त्यांची नजर कोपरावरून खाली मनगटाकडे आणि तिथून बोटांकडे गेली. मूठ आवळलेली नव्हती. बोटं अर्धवट वाकून तशीच थांबली होती, तळव्याशी एक लिंबू आरामात राहील एवढी जागा ठेवून. बोटांच्या मुळाशी दोन गाठींमधल्या खळग्या भरून गेल्या होत्या, कातडी चकाकत होती. दुसऱ्या हाताचंही तेच.

त्यांनी सुई परत बॅगेत ठेवली.

"कधीपासून?"

"तुमचं टेबल कललं ना, त्याच्याही आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की! तुम्ही म्हणालात रक्त ठणठणीत आहे." वहिनींच्या आवाजात तक्रार नव्हती, नवल होतं. "मला वाटायचं, काही असतं तर तुम्हाला कळलंच असतं. माझं रक्त तुमच्याकडेच तर असतं."

"आणि मला वाटायचं, काही असतं तर..." पुढचं त्यांना म्हणवेना. काही असतं तर मशीनमध्ये दिसलं असतं, असं म्हणायचं होतं त्यांना. मशीनमध्ये दिसलंच होतं. आठ महिने दिसत होतं.

वहिनींनी पट्टा स्वतःच सोडायचा प्रयत्न केला. त्याचं टोक चिमटीत धरवेना. "खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "मला दुखण्याचं एवढं नाही. कपाटात पाच कोट पडलेत. रफू गेला तर मी काय करू दिवसभर? तुमचं टेबल सरळ करत बसू?"

सांध्यांच्या डॉक्टरांकडे ओळंबेसाहेबांनी आजवर शेकडो माणसं पाठवली होती, पण त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसायची वेळ पहिलीच. डॉक्टरांनी कागदाला हात न लावता वहिनींचे हात हातात घेतले. एकेक गाठ अंगठ्याने दाबली, एकेक बोट हलवलं. सकाळी बोटं सुटायला किती वेळ लागतो ते विचारलं. वहिनी म्हणाल्या, "तास, सव्वा तास." ओळंबेसाहेबांनी चमकून बघितलं. हा आकडा त्यांच्या वहीत नव्हता.

"संधिवातच आहे हा. आमवात म्हणतात तो. पक्कं करायला अजून एक रक्त आणि हातांचे एक्सरे," डॉक्टर म्हणाले. "आधीचे काही रिपोर्ट?"

ओळंबेसाहेबांनी वही पुढे केली. ती देताना त्यांचे कान लाल झाले होते. डॉक्टर वाचू लागले. चौतीस, टेबल तिरकं. सेहेचाळीस, औषध जुनं. अठ्ठावन्न, नळ्या सदोष. सीआरपी बावीस, यंत्रास खोड. डॉक्टरांनी वही मिटली आणि जरा वेळ खिडकीबाहेर बघितलं. हसू आवरत असावेत.

"साहेब, वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये आजाराचा इतका व्यवस्थित ठेवलेला इतिहास मी पाहिला नाही. फक्त पेशंटच्या जागी टेबलाचं नाव पडलंय."

"माझीच चूक झाली, डॉक्टर."

"झालीच. पण एक सांगतो, काही जणांच्या सांध्यांची वाट लागते आणि ईएसआर, सीआरपी शेवटपर्यंत नॉर्मल येतात. त्यांचा धूरसुद्धा दिसत नाही. तुम्हाला दिसला होता." हे सांत्वन होतं की टोमणा, ते ओळंबेसाहेबांना कळलं नाही.

एक्सरे आले. डॉक्टरांनी ते प्रकाशात धरून सरळच सांगितलं: आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू करू, आग विझेल, सूज उतरेल. पण आठ महिन्यांत हाडाच्या कडा जिथे कुरतडल्या गेल्या, तिथलं गेलेलं परत येत नाही. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं पहिलं बोट पूर्ण सरळ होणार नाही.

"सुई याच बोटाने धरते मी," वहिनी म्हणाल्या.

"दुसऱ्या बोटाने धरून बघा," डॉक्टर म्हणाले.

गोळी सुरू झाली. ती यकृताला सोसतेय ना हे बघायला दर महिन्याला रक्त लागणार होतं. म्हणजे पट्टा, सुई आणि ओळंबेसाहेब पुन्हा होतेच. फरक एवढाच, की लॅबचं मशीन आता सीलबंद बाटल्यांवर तपासलं जाई आणि वहिनींची ट्यूब पेशंटांच्या रांगेत नंबर लावून उभी राही. ओळंबेसाहेब सकाळी वहिनींबरोबर उठू लागले. पातेल्यात पाणी तापवून देत आणि समोर घड्याळ घेऊन बसत. "सत्तर मिनिटं," ते लिहून घेत. पुढे "पन्नास." पुढे "पस्तीस." वहिनी वैतागत. "अहो, जरा चहा टाकाल का? बोटं काही घड्याळाला घाबरून सुटणार नाहीत."

पाचव्या महिन्यात ईएसआर सोळा आला आणि सीआरपी तीन. ओळंबेसाहेबांनी दोनदा वाचलं, सहकाऱ्याकडून तिसऱ्यांदा वाचून घेतलं आणि अर्धी सुट्टी टाकून भर दुपारी घर गाठलं.

वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर पाच कोटांपैकी एक होता, राखाडी, लोकरी, छातीपाशी जळून भोक पडलेला. अंगठा आणि मधलं बोट यांच्या चिमटीत सुई होती. पहिलं बोट बाजूला वाकडं उभं होतं.

"सोळा!" ते दारातूनच म्हणाले. "नॉर्मल!"

"ठेवा तिथे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. चार टाके घातले, सुई सुटून मांडीवर पडली, त्यांनी ती उचलली आणि पुन्हा घातले. ओळंबेसाहेब रिपोर्ट हातात घेऊन स्टुलावर बसले. कितीतरी वेळाने वहिनींनी धागा तोडला आणि कोट त्यांच्यापुढे धरला.

"बघा बरं. काही दिसतंय का?"

"छे! काही नाही. छान झालंय."

"उगाच गोड बोलू नका. नीट वाचून सांगा."

ते उठले. कोट उजेडात नेला, डोळ्यांच्या रेषेत धरला, एक डोळा मिटला. भोक बुजलं होतं. पण एका कडेला टाके किंचित गोळा झाले होते आणि लोकरीची वीण तिथे वाट चुकल्यासारखी वळत होती.

"दिसतंय," ते म्हणाले. "डाव्या कडेला. तीन मिलिमीटर."

वहिनींनी कोट परत घेतला आणि ती जागा नखाने चाचपली. "तीनच ना?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं पाच तरी असेल." मग त्यांनी ब्लेड उचललं आणि डाव्या कडेचे टाके उसवायला घेतले.