आईच्या गुडघ्यावर पहिला हक्क कोणाचा?

परवा रविवारी मी माझ्या सख्ख्या आईला रंगेहाथ पकडलं. मयूर विहारमध्ये, आमच्याच बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावरच्या भाटिया आंटींच्या दिवाणावर... पाय पसरलेले, साडी गुडघ्याच्या वर, आणि आंटी तिच्या गुडघ्यांना तेल चोळतायत!

थोडं मागचं सांगते. आई सांगलीहून दिवाळीला आली, आणि मी तिला परत जाऊच दिलं नाही. आम्ही दोघं नवरा-बायको दिवसभर ऑफिसात, तिला हिंदी धड येत नाही... हिला इथे करमेल का, याचं मला केवढं टेन्शन होतं. पण करमलं. जरा जास्तच करमलं.

भाटिया आंटी म्हणजे रिटायर्ड टीचर, आणि सध्याचं वेड इसेन्शियल ऑइल्स. सर्दी झाली की वाफेच्या पाण्यात निलगिरी, झोप नाही तर उशीपाशी लॅव्हेंडर, डोकं दुखलं तर पेपरमिंट. त्यांच्या घरात शिरलं की एखाद्या स्पामध्ये आल्यासारखं वाटतं.

आमच्या लहानपणी आईचं सगळं औषधशास्त्र ओव्याच्या पुरचुंडीवर संपायचं. तीच बाई आता मला लेक्चर देते... "नुसतं नाही लावायचं गं, कातडी भाजते. आधी तिळाच्या तेलात दोन थेंब घालायचे!" अच्छा जी.

एकदा मी ऑफिसातून डोकं धरून घरी आले. पूर्वी अशा वेळी आई मांडीवर डोकं घेऊन दाबत बसायची. या वेळी तिने माझ्या हातात एक छोटी बाटली ठेवली, म्हणाली, "सुषमाने दिलंय, कपाळावर फिरव." आणि गेली की खाली!

सुषमा म्हणजे भाटिया आंटी. इतकी वर्षं शेजारी राहून मी अजून त्यांना आंटीच म्हणते... आणि आई दोन महिन्यांत डायरेक्ट सुषमा.

खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट होत होता. इतका, की मी आंटींकडच्यापेक्षा महाग, तेलाचा सुगंध घरभर पसरवणारा डिफ्यूझर मागवला, रंग बदलणाऱ्या लाइटवाला. आईने तो कौतुकाने बघितला, "दिवा छान आहे हो," म्हणाली... आणि गेली खाली.

तर परवा. जेवणाची वेळ टळून गेली, आईचा पत्ता नाही, म्हणून बोलवायला गेले. दार उघडंच होतं, आणि समोर हे दृश्य. आई हसत हसत सांगत होती, "इदर कळ मारता है," आणि आंटींना ते बरोब्बर कळत होतं.

मी म्हटलं, हे काय, गुडघे दुखतायत? तर आंटी अगदी सहज म्हणाल्या, "अरे, दो महीने से दर्द है... तुम्हें नहीं पता?"

नाही यार. मला नव्हतं पता. नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काय सांगू!

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. वर येताना मी मुद्दाम आईच्या मागे राहिले. कठडा घट्ट धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून, मगच पुढची पायरी. रोज अशीच चढत असणार, आणि मी ते कधी बघितलंच नव्हतं.

घरात शिरल्या शिरल्या मी भांडायलाच उठले. ती कोण लागते तुझी? मला का नाही सांगितलंस? आई शांतपणे म्हणाली, "तुला सांगितलं असतं, तर तू माझं खाली जाणंच बंद केलं असतंस."

माझ्या ओठांवर तेच वाक्य आलेलं होतं. गिळलं.

काल हाफ डे टाकून तिला डॉक्टरांकडे नेलं. आईची अट एकच, सुषमा बरोबर हवी. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय, कुठला जास्त, सकाळी की चालल्यावर... आई आंटींकडे बघायची आणि आंटी घडाघडा उत्तरं द्यायच्या. मी पर्स सांभाळत उभी.

"आपकी बहन हैं?" डॉक्टरांनी विचारलं. दोघींनी एकदम 'हो' म्हणून मान हलवली. मी तिथेच आहे हो, मुलगी आहे मी!

डॉक्टर म्हणाले, वयाने झीज झालीय. मालिशने बरं वाटतं तर करा, पण तेलाने झीज भरून येत नाही. व्यायाम करा, आणि जिने दिवसातून एकदाच. आईने तो "एकदा" तिथल्या तिथे सुषमाच्या नावावर करून टाकला. मी पर्समधून फी काढून दिली.

खरं सांगू? आंटींचे उपकारच आहेत. परक्या शहरात माझ्या आईला मोडक्यातोडक्या हिंदीत दुखणं सांगायला कुणीतरी मिळालं, नाहीतर ती मनातच कुढत बसली असती. हे मला कळतं. तरी जळते ती जळतेच.

आज सकाळी मी डबे भरत होते. आई किचनच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आज डावा जास्त ठणकतोय गं."

मी गॅस बंद केला. शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "आंटींना सांगितलंस?"

"अगं, आत्ता तर उठले. तुलाच सांगतेय की."

तिला खुर्चीत बसवलं आणि तिळाचं तेल घेऊन समोर खाली बसले. "सुषमा हलक्या हाताने चोळते," हेही ऐकून घेतलं. ऑफिसला उशीर झाला, बॉसची बोलणी खाल्ली... पण चेहऱ्यावरचं हसू काही जाईना. आईचा गुडघा ठणकतोय आणि मी इथे खूश आहे. देवा, माफ कर रे बाबा!